आजचं चिंतन : पळणाऱ्याला परत कसं आणायचं? (गीता, अध्याय ६, श्लोक २६)



सहाव्या अध्यायात आपण सावकाश पुढे सरकतोय. काल पंचविसावा श्लोक झाला : बुद्धीला धीराची जोड देऊन, घाई न करता, हळूहळू मन आत वळवायचं. आज सव्विसावा. भगवान म्हणतात, हे चंचल मन जिथे जिथे भटकेल, तिथून तिथून त्याला आवरून परत आत्म्याच्या ताब्यात आणावं.

वाचायला सोपा श्लोक आहे. पण आज सकाळी मी 'परत आणावं' या शब्दांपाशी बराच वेळ अडकले. परत आणायचं ते कसं? ओढून? दटावून? खाऊ दाखवून? की वाट बघून? हा प्रश्न मला पोथीने विचारला नव्हता. तो विचारला आमच्या बंडूने. आज त्याचीच गोष्ट सांगते. चिंतनाच्या जागी कुत्र्याची गोष्ट कशाला असं वाटलं तरी थोडं थांबा, श्लोक सुटणार नाही.

बंडू म्हणजे आमचा बीगल. इथे ओहायोमध्ये पाच वर्षांपूर्वी एका निवाऱ्यातून आणला, तेव्हा तो आठ महिन्यांचा होता. नाव ठेवलं तेव्हा त्या नावातच 'बंड' आहे हे लक्षात आलं नाही. बीगल ही जात इंग्लंडात सशांच्या शिकारीसाठी घडवलेली. नाक जमिनीला, शेपूट वर, आणि एकदा वास लागला की जगाशी संबंध तुटला. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख असतात, कुत्र्याच्या नाकात त्या वीस-तीस कोटींच्या घरात असतात असं सांगतात. मग मी मारलेली हाक त्याच्यासाठी किती? रस्त्यावरून वरात चाललेली असताना घरात कोणीतरी 'जेवायला चला' म्हणावं, तेवढी.

आणि हेच नाक दुसरीकडे कामाला येतं बरं का. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर बीगल कामाला लावले, सामानातली फळं, मांस, रोपं हुंगून काढायला. भारतातून येताना आईने बॅगेत घातलेल्या आंब्यांची आणि त्या हिरव्या जाकिटातल्या छोट्या कुत्र्याची गाठ पडल्याच्या कथा इथल्या प्रत्येक मराठी घरात आहेत. तिथे ज्याला कर्तव्यदक्षता म्हणतात, त्यालाच माझ्या अंगणात मी 'लक्ष नाही' म्हणत होते.

आम्ही शिकवायला सुरुवात केली ती भीतीपोटी. आल्यानंतर तिसऱ्याच महिन्यात दार किलकिलं राहिलं आणि बंडू सशामागे पळाला. तीन तास आम्ही हाका मारत फिरलो. सापडला तो मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, एका पेट्रोल पंपामागे. चारपदरी रस्ता त्याने कसा ओलांडला ते देवालाच ठाऊक. त्या रात्री ठरवलं, हाक मारली की येणं हे याला शिकवायचंच. हा हेतू शुद्ध होता. तो लक्षात ठेवा, कारण पुढे तो हरवला.

गावातल्या एका मंडळात वर्ग लावला. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, कमी बोलणाऱ्या. तिथेच मला कळलं की या आज्ञापालनाच्या रीतसर स्पर्धा असतात. १९३३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट किस्को इथे हेलन व्हाइटहाउस वॉकर नावाच्या बाईंनी पहिली परीक्षा घेतली. त्यांच्याकडे पूडल होते. त्यांना दाखवून द्यायचं होतं की हे कुत्रे नुसते मिरवायचे नाहीत, त्यांना अक्कलही आहे. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्या परीक्षांना मान्यता दिली. रॅली हा त्यातलाच नंतरचा, जरा मोकळा प्रकार. रिंगणात दहा ते वीस पाट्या मांडलेल्या असतात. एका पाटीवर 'थांब, बस', दुसरीवर 'उजवीकडे पूर्ण वळसा', तिसरीवर 'कुत्र्याला समोर बोलाव'. कुत्र्याला डाव्या बाजूला घेऊन एकेक पाटी पार करत जायचं. सुरुवातीला १०० गुण हातात असतात आणि चुकेल तसे कापले जातात. ७० राहिले तर पास. तीनदा पास झालात, आणि तेही निदान दोन वेगळ्या परीक्षकांसमोर, की पदवी.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मुलांच्या परीक्षा संपल्या म्हणून आता कुत्र्याला बसवतेस होय?" मी हसले. पण आई नेमकं बोलली होती.

रॅलीचे तीन नियम आजच्या श्लोकासाठी सांगायला हवेत. एक, रिंगणात खाऊ नेता येत नाही. दोन, कुत्र्याशी बोलता येतं, त्याला शाबासकी देता येते, मांडीवर थाप मारून बोलावता येतं, पण हात लावून त्याला बसवता येत नाही. तीन, पहिल्या पातळीवर गळ्यात दोरी असते, पण ती सैल असावी लागते. ताणली गेली की प्रत्येक वेळी एक गुण गेला, आणि सतत ताणलेलीच राहिली तर सरळ नापास. दोरी आहे, पण तिच्यावर भार टाकायचा नाही. ती नसल्यासारखी असायला हवी. वरच्या पातळीवर तर ती काढूनच टाकतात.

रिंगण म्हटलं की आपल्याला वारी आठवते. माउलींच्या पालखीपुढे तो मोकळा अश्व धावतो, त्याच्या पाठीवर स्वार नसतो, लगाम धरणारा हात नसतो, तरी तो रिंगण सोडत नाही. मनाचं असं व्हावं ही तर आपली सगळ्यांची इच्छा.

आता माझी चूक सांगते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमची पहिली स्पर्धा होती. घरी बंडू सगळं उत्तम करायचा. मी ओळखीच्या चार-पाच जणांना येऊन बघा म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्या पाटीपाशी त्याला कसलातरी वास लागला. आमच्या आधी तिथून कोण गेलं होतं कोण जाणे. नाक खाली गेलं ते वर येईना. मी हाक मारली, मांडीवर थाप मारली, आवाज चढवला. दोरी ताणलेलीच राहिली. शेवटपर्यंत आम्ही ओढाओढी करतच गेलो. नापास. बघणाऱ्यांपैकी कोणीतरी हसलं. ते प्रेमाने हसले असतील, पण मला ते लागलं.

बाहेर गाडीपाशी आलो. बंडूने पुन्हा नाक खाली घातलं, आणि मी दोरीला जोरात हिसका दिला. एकदा नाही, दोनदा. "बघ की माझ्याकडे!" असं मी मराठीत ओरडले. तो कळवळला, अंग चोरून खाली बसला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. हवं होतं ते मिळालं. लक्ष मिळालं. असं वागणं स्पर्धेच्या आवारात नियमातही बसत नाही, पण कोणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं, आणि त्याने.

त्यानंतर जवळजवळ दोन महिने मी ती प्रॅक्टिसची पिशवी उचलली की बंडू यायचा, पण शेपूट खाली घालून. मी सांगेन ते करायचा. पूर्वीपेक्षा चुका कमी. एखाद्या परीक्षकाने त्याला जास्तच गुण दिले असते. पण त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर नसायची, माझ्या हातावर असायची.

ती नजर मी ओळखत होते. कारण ती माझी होती.

मी सात-आठ वर्षांची असताना अण्णा मला रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणायला बसवायचे. अण्णा फार चांगले होते, हे आधी सांगते. पण लक्ष इकडेतिकडे गेलं की त्यांच्या हातातली लाकडी पट्टी तळहातावर यायची. जोरात नाही, पण यायची. बाहेर पोरं लगोरी खेळत असायची, तिकडे कान गेला की पट्टी. रामरक्षा चोख पाठ झाली. एकही उच्चार चुकत नाही माझा. पण पुढे कित्येक वर्षं ती म्हणताना मला राम कधी दिसला नाही, पट्टी दिसायची. देवघरातून मी लांब गेले ती वयाच्या चाळिशीपर्यंत. म्हणजे लक्ष मिळालं, पण ते ज्याच्याकडे लागावं म्हणून सगळा खटाटोप, त्याच्याकडे ते गेलंच नाही. ते पट्टीकडे गेलं.

त्या दोन महिन्यांत मी सहावा अध्याय नव्याने वाचला. आणि माउलींपाशी थांबले.

याच श्लोकावर ज्ञानेश्वर महाराज काय म्हणतात बघा, माझ्या शब्दांत सांगते. निश्चय एकदा मनापासून आपलासा करावा. तेवढ्याने चित्त स्थिर झालं तर उत्तमच. नाही झालं तर? तर त्याला मोकळं सोडून द्यावं. मोकळं सोडलेलं ते जिथे जाईल, तिथून तो निश्चयच त्याला परत घेऊन येईल. असं होता होता त्याला स्थिरपणाची सवय लागेल.

मोकळं सोडून द्यावं! मी ही ओवी कितीदा वाचली असेन, पण तिथे 'बांधून ठेवावं' असं लिहिल्यासारखीच वाचत आले होते.

आणि पुढे, अर्जुन जेव्हा कुरकुरतो की मन आवरणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधण्यासारखं आहे, आणि भगवान त्याला अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात, तिथे माउली मनाचा एक चांगला गुण सांगतात. मनाचं एक बरं आहे, त्याला जिथे गोडी लागते तिथे ते सोकावतं. म्हणून त्याला कौतुकाने आत्मसुखाची चव दाखवत राहावी. अहो, आमच्या शिकवणाऱ्या बाई दर बुधवारी हेच सांगत होत्या, इंग्रजीत.

मी त्यांना पार्किंगमधला प्रकार सांगितला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याला माझ्याकडे बघ म्हणून शिकवणं बंद कर. त्याला हवं तिकडे बघू दे. बघून परत आला की तेवढं मोल दे." मग आम्ही नव्याने सुरुवात केली. लेस्ली मॅक्डेव्हिट नावाच्या प्रशिक्षक बाईंनी ही रीत लोकांपर्यंत पोचवली आहे. लांबवर दुसरा कुत्रा दिसला, खार दिसली, की बंडूला बघू द्यायचं. बघितलं त्याच क्षणी हातातलं छोटं यंत्र टिक् वाजवायचं. त्या टिक् चा अर्थ त्याला ठाऊक असतो, आता खाऊ आहे. तो आपणहून मान वळवतो. काही दिवसांनी गंमत होते. तो खारीकडे बघतो आणि टिक् व्हायच्या आधीच माझ्याकडे बघतो. जी वस्तू त्याला माझ्यापासून ओढून नेत होती, तीच आता माझी आठवण करून देते.

मंडळी, जपाला बसताना मी हे करून पाहिलं. विचार आला की पूर्वी मी स्वतःवर चिडायचे. म्हणजे आतली पट्टी स्वतःलाच मारायची. आता विचार आला की, हां, आलास का, असं म्हणून नामाकडे वळते. माळेत मन शंभरदा गेलं तर शंभरदा परत आलं असं मोजते. श्लोकात 'जिथे जिथे' आणि 'तिथून तिथून' असं दोनदोनदा म्हटलंय, ते उगाच नाही. मन भटकणार हे भगवंतांनी गृहीतच धरलंय. त्यांनी त्याला दोष दिलेला नाही. अभ्यास म्हणजे न जाणं नव्हे. अभ्यास म्हणजे परत येणं, आणि परत येण्यासाठी आधी जावंच लागतं.

दुसरा बदल वासाचा. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रिमॅक यांनी मांडलेलं एक तत्त्व शिकवणाऱ्यांत प्रसिद्ध आहे : प्राण्याला जे मनापासून करायला आवडतं, तेच त्याला कमी आवडणाऱ्या कामाचं बक्षीस म्हणून द्या. आपल्या आया हेच करत आल्या, पाढे म्हण आणि मग खेळायला जा. बंडू दहा पावलं माझ्याबरोबर नीट चालला की मी म्हणते, "जा, हुंग." आणि तो जातो, मनसोक्त. म्हणजे ज्या वासाशी माझं वैर होतं, तोच आता माझ्या हातातला प्रसाद झाला.

इथे तिसऱ्या अध्यायातला तेहतिसावा श्लोक आठवतो. ज्ञानीसुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, सगळे प्राणी प्रकृतीकडेच जातात, नुसता निग्रह काय करणार? पूर्वी मला हा आणि आजचा श्लोक एकमेकांच्या विरुद्ध वाटायचे. एकीकडे निग्रहाने काय होणार म्हणायचं आणि दुसरीकडे आवरून आण म्हणायचं. आता वाटतं, विरोध नाही. प्रकृती मोडायची नाही, तिला वळण द्यायचं. बंडूच्या नाकाला कुलूप घालायला निघालात तर तिसरा अध्याय हसेल. त्या नाकासकट त्याला बोलवाल तर सहावा हात देईल.

आता दोन शंका. त्या माझ्याच आहेत, आणि तुम्हालाही येतील.

पहिली, मग हे खाऊसाठीचं प्रेम झालं ना? लाच झाली. सकाम भक्ती. माझ्या बहिणीने हेच विचारलं. मी तिला सातवा अध्याय दाखवला. भगवान चार प्रकारचे भक्त सांगतात, दुःखाने गांजलेला, जाणून घेऊ पाहणारा, काहीतरी मागायला आलेला आणि ज्ञानी. ज्ञानी सगळ्यांत प्रिय, हे खरं. पण बाकीच्यांना ते हाकलत नाहीत, सगळेच उदार म्हणतात. आपण तरी देवाकडे पहिल्यांदा कशासाठी गेलो होतो? मी गेले होते ती दहावीच्या निकालासाठी. येणारा कशासाठी आला यापेक्षा येता येता त्याला कशाची गोडी लागली हे महत्त्वाचं. शिवाय रिंगणात खाऊ नसतोच. तिथे उरतो तो फक्त इतक्या दिवसांचा संबंध. तो खरा होता की नाही ते तिथे कळतं.

दुसरी शंका अवघड आहे. मन माझं आहे, त्याला मी आवरलं तर ते माझं मला. पण कुत्रा म्हणजे माझं मन नाही. तो दुसरा जीव आहे. त्याला माझ्या फितीसाठी वळण लावायचा मला काय अधिकार? आपण मनाला माकड म्हणतो, घोडा म्हणतो, मारून मुटकून ताब्यात आणायची भाषा करतो. त्या उपमा इतक्या अंगवळणी पडतात की मग खरा प्राणी समोर आला की त्यालाही तसंच वागवतो. लेकरांनाही. अण्णांची पट्टी कदाचित अशाच एखाद्या उपमेतून आली असेल.

या शंकेला मला पूर्ण उत्तर सापडलंय असं नाही. पण थोडं सापडलंय. रस्ता खरा आहे. चारपदरी रस्त्यावरून धावणाऱ्या गाड्या बंडूच्या स्वातंत्र्याला मान देणार नाहीत. माझ्या हाकेला तो परत येतो म्हणूनच मी त्याला कुरणात मोकळा सोडू शकते. ज्याला परत येता येतं त्यालाच दूर जाता येतं. तेव्हा शिकवणं हे त्याच्याही हिताचं. फीत मात्र निव्वळ माझी. बंडूला हिरवी फीत आणि हिरवं गवत यांत गवत जास्त कळतं.

आणि मग लक्षात आलं की मी कुठे घसरले होते. अभ्यास आणि वैराग्य ही दोन औषधं भगवंतांनी एकाच माणसाला, अर्जुनाला, दिली. मी त्यांची वाटणी केली होती. अभ्यास माझा आणि वैराग्य बंडूचं! त्याने खारीचा मोह सोडावा, वास सोडावा, त्या अख्ख्या सुगंधी जगाकडे पाठ फिरवावी. आणि मी? मी चार लोकांच्या कौतुकाचा मोहसुद्धा सोडायला तयार नव्हते. त्या दिवशी गाडीपाशी दोघांपैकी भटकलेलं कोण होतं? तो वासामागे गेला होता, मी लोकांच्या हसण्यामागे. त्याला परत आणायला मी होते. मला परत आणायला कोणी नव्हतं म्हणून हात उचलला गेला.

गीतेचा शेवट आठवा. एवढं सतरा-अठरा अध्याय सांगून झाल्यावर भगवान अर्जुनाला काय म्हणतात? हे सगळं तुला सांगितलं, आता यावर पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. ज्याच्या हातात रथाचे लगाम आहेत, तो आज्ञा देताना दोरी सैल सोडतो. म्हणूनच त्यानंतर अर्जुन जेव्हा म्हणतो की तू सांगशील ते करीन, तेव्हा त्या शब्दाला किंमत आहे. नाही म्हणायची वाट उघडी असताना आलेलं 'हो' तेच आज्ञापालन. बाकीचं सगळं पट्टीचं.

आणि महाप्रस्थानाच्या वेळी युधिष्ठिरामागून शेवटपर्यंत चालत गेलेला तो कुत्रा. त्याच्या गळ्यात दोरी नव्हती, त्याला कोणी हाक मारली नव्हती. स्वर्गाच्या दाराशी इंद्र म्हणाला याला सोड, तेव्हा युधिष्ठिराने स्वर्ग सोडायची तयारी दाखवली. कुत्र्याची निष्ठा आपण नेहमी वाखाणतो. पण व्यासांनी कसोटीला लावलं ते कुत्र्याला नाही, माणसाला.

परवाच्या शनिवारी, चौदा महिन्यांनी, आम्ही पुन्हा स्पर्धेला उतरलो. यावेळी कोणाला बोलावलं नाही. सातव्या पाटीपाशी बंडूचं नाक खाली गेलं. मी थांबले. दोरी सैल ठेवली आणि एकदाच, साध्या आवाजात, "बंडू" म्हटलं. तो हुंगत राहिला. मनात तोच जुना हिसका उठला. खोटं कशाला बोलू, उठला. हात तसाच ठेवला. एक, दोन, तीन, चार... आणि त्याने आपणहून डोकं वर काढलं, माझ्या हाताकडे नाही तर चेहऱ्याकडे पाहिलं, शेपूट हलवली आणि येऊन डावीकडे उभा राहिला.

एकूण दोन पाट्या चुकल्या, प्रत्येकी १० गुण गेले. दोन ठिकाणी पुन्हा प्रयत्न करावा लागला, त्याचे प्रत्येकी ३. दोरी सहा वेळा ताणली गेली, त्याचे ६. उरले ६८. दोन गुणांनी नापास.

गाडीत बसल्यावर मला दोन मिनिटं वाईट वाटलं. वैराग्य आलंय असं मी म्हणणार नाही. मग त्याच आवाराबाहेरच्या कुरणात गेलो, लांब दोरी लावली आणि म्हटलं, "जा, हुंग." अर्धा तास तो हुंगत होता. मधूनमधून मान वर करून मी आहे ना ते बघत होता. मी हाक मारत नव्हते.

तेव्हा मनात आलं, माझ्या हातून नाम सुटतं आणि मी कुठेकुठे नाक घालत फिरते, तेव्हा पांडुरंग विटेवर असाच उभा असेल का? कमरेवर हात. दोरी ओढायला हात मोकळेच ठेवले नाहीत त्याने.

आजचा नेम : जपाला किंवा वाचनाला बसल्यावर मन गेलं की स्वतःला रागावू नका. कुठे गेलं होतं तेवढं बघा आणि परत या. आणि घरात ज्या कोणाचं लक्ष आपल्याला हवं आहे, मूल असो, नवरा-बायको असो, म्हातारे आई-वडील असोत की मुकं जनावर, त्याला आज एकदाच हाक मारा आणि मग थोडं थांबा.

हे पांडुरंगा, आम्ही भटकणारच. आमची दोरी तू सैल ठेवतोस हे आमच्या ध्यानात राहू दे, आणि आमच्या हातात ज्यांच्या दोऱ्या आहेत त्यांच्यासाठी आमचे हात हलके कर.

उद्या सत्ताविसावा श्लोक.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥